मोटेचे पाणी आणि गावाचा कौल : शिर्डी, १८९७ आणि १९१८

१/ साल १८९७. कोपरगाव तालुक्यातील शिर्डी हे एक लहानसे खेडे. गावात विहिरी दोन. वापरातली लवकर आटे आणि दुसरीचे पाणी मचूळ. अशा गावाने ऐन चैत्रात हजारोंचा उरूस भरवायचे ठरवले. परवानगी, पाणी, दुकाने, कुस्त्यांचा आखाडा ही व्यवस्था कोणी आणि कशी उभी केली, त्याची ही कथा. 🧵

२/ प्रथम त्या काळची रचना पाहू. मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतींचा कायदा आला तो १९२० साली. १८९७ मध्ये गावगाडा चालत होता वतनदारांच्या हाती. पाटलाकडे वसुली आणि बंदोबस्त, कुलकर्ण्याकडे दप्तर. वर कोपरगावला मामलेदार, त्याच्या वर नगरला कलेक्टर. गावाचे म्हणणे सरकारपर्यंत पोहोचे ते बहुधा कुलकर्ण्याच्या लेखणीतून.

३/ काळही कठीण होता. १८९६-९७ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली होती. मुंबईत प्लेग शिरला होता आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला होता. जत्रा म्हणजे गर्दी, गर्दी म्हणजे पाण्यावर ताण, आणि दूषित पाणी म्हणजे पटकी. वसाहतकालीन प्रशासन यात्रा-जत्रांकडे याच धास्तीने पाहत असे.

४/ उरुसाची कल्पना मांडली गोपाळराव गुंड यांनी. ते कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर, म्हणजे स्वतः सरकारी नोकर. बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला, ही साईबाबांची कृपा असे मानून कृतज्ञतेपोटी त्यांनी उरूस सुचवला. तात्या पाटील, दादा कोते पाटील आणि माधवराव देशपांडे (शामा) या गावातल्या मंडळींशी त्यांनी विचारविनिमय केला. बाबांची अनुमती मिळाली. पुढची पायरी होती कलेक्टरची.

५/ तेथेच अडले. गावच्या कुलकर्ण्याने उरुसाविरुद्ध अहवाल दिला आणि परवानगी नाकारली गेली. एका दप्तरदाराचा प्रतिकूल शेरा साऱ्या गावाच्या इच्छेला पुरून उरला! गावकऱ्यांनी मात्र प्रयत्न सोडला नाही. पुन्हा खटपट केली आणि अखेर मंजुरी मिळवली. दिवस ठरला रामनवमीचा.

६/ आता पाणी. ही सारी हकिकत आपल्याला कळते ती गोविंद रघुनाथ दाभोळकर (हेमाडपंत) यांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’तून. ग्रंथ भक्ताने भक्तांसाठी लिहिलेला आहे. बाबांनी विहिरीत फुले टाकली आणि मचूळ पाणी गोड झाले, असे तो सांगतो. श्रद्धेचा भाग श्रद्धेपाशी राहू द्यावा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याला लागूनच आलेला तपशील वाचावा.

७/ तो तपशील असा : गोड झालेले पाणीही पुरेना. तेव्हा तात्या पाटलांनी लांबच्या विहिरीवर मोटा लावल्या आणि तेथून पाणी आणवले. मोट म्हणजे बैलांनी ओढायची चामड्याची पखाल. ती चालवायची तर बैल हवेत, नाडा हवा, हाकणारा हवा आणि विहिरीच्या मालकाची संमतीही हवी. चमत्कार सांगणारा ग्रंथच मोटेचीही नोंद ठेवतो, हे त्याचे मोल.

८/ बाकीची कामेही अशीच वाटली गेली. तात्पुरती दुकाने उभी राहिली, कुस्त्या ठरल्या. नगरचे दामूअण्णा कासार यांनी एक निशाण आणले, दुसरे नानासाहेब निमोणकरांनी. दोन्ही निशाणे गावातून मिरवून मशिदीच्या कोपऱ्यांवर लावली गेली. कोऱ्हाळ्याचे अमीर शक्कर दलाल यांनी त्याच उत्सवात संदलची मिरवणूक सुरू केली. निशाणे आणि संदल एकाच दिवशी, एकाच गावातून निघू लागले.

९/ पुढे १९१२ पासून या उरुसाला रामजन्मोत्सवाचे रूप आले. संदल मात्र थांबला नाही. सुरुवातीची पाच-सात हजारांची गर्दी काही वर्षी पंचाहत्तर हजारांवर गेल्याचे हेमाडपंत नोंदवतात. इतकी वर्षे साथही पसरली नाही आणि नाव घ्यावे असा दंगाही झाला नाही, हेही ते आवर्जून सांगतात. त्या काळच्या जत्रेसाठी याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही.

१०/ खरी कसोटी लागली एकवीस वर्षांनी. मंगळवार, १५ ऑक्टोबर १९१८, विजयादशमी. साईबाबांनी देह ठेवला. इन्फ्लुएंझाच्या साथीने इलाखा हैराण झाला होता, तोच महिना. देह कोठे ठेवायचा यावर गावात दोन तट पडले. मुसलमान भक्तांचे मत पडले, की मोकळ्या जागी दफन करून कबर बांधावी. दुसऱ्या पक्षाला नागपूरच्या बापूसाहेब बुटींनी बांधलेला वाडा हवा होता.

११/ हे तट सरळ धर्मावरून पडले होते असेही नाही. राहात्याचे खुशालचंद मोकळ्या जागेच्या बाजूचे होते. वाड्याचा आग्रह धरणाऱ्यांत गावचे रामचंद्र पाटील ठाम होते. वाद सुमारे छत्तीस तास चालला. राहात्याचा फौजदार आला, कोपरगावचा मामलेदार आला. अशा प्रसंगी इलाख्यात इतरत्र काय घडू शकत होते, हे त्या काळच्या दंग्यांचा इतिहास वाचणाऱ्यास सांगायला नको.

१२/ मामलेदाराने लोकांची मते अजमावली. वाड्याच्या बाजूने दुप्पट मते पडली. १९१८ साली हिंदुस्थानात मताचा हक्क मूठभरांना होता, मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचा अहवाल नुकताच आला होता. आणि येथे एका खेड्यात सरकारी अधिकारी लोकांचा कौल घेत होता.

१३/ त्याहून लक्षणीय आहे पुढची गोष्ट. दुप्पट मते पडूनही मामलेदाराने निकाल लादला नाही. प्रकरण कलेक्टरकडे न्यावे असे त्याने ठरवले आणि काकासाहेब दीक्षित नगरला निघण्याच्या तयारीला लागले. तेवढ्यात दुसऱ्या पक्षाचे मत वळले आणि सर्वांनी एकमताने वाड्याला होकार दिला. बुधवारी सायंकाळी समाधी झाली. बहुमत हाती असतानाही गावाला एकमतापर्यंत पोहोचायला वेळ मिळाला, हे त्या मामलेदाराचे श्रेय.

१४/ त्यानंतर तोंडी व्यवस्था पुरेनाशी झाली. १९२२ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार संस्थान औपचारिक रूपात आले. २००४ साली राज्याने स्वतंत्र कायदा केला. समिती शासननियुक्त झाली आणि शिर्डीचा नगराध्यक्ष तिचा पदसिद्ध सदस्य. गावाचा आवाज आता मुख्यतः एका खुर्चीतून बोलणार होता.

१५/ जुने प्रश्न मात्र नव्या आकारात परत आले. मोटेच्या जागी कालवा आला. डिसेंबर २०१८ मध्ये निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी संस्थानाने राज्याला ५०० कोटींचे बिनव्याजी कर्ज देण्याचा निर्णय गाजला. भक्ताचे दान शेतकऱ्याच्या पाण्यासाठी वापरावे काय, यावर वाद झडला. १९७० साली कल्पिलेल्या या प्रकल्पाच्या ८५ किलोमीटरच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले २६ ऑक्टोबर २०२३ रोजी. १८२ गावांना त्याचा लाभ अपेक्षित आहे.

१६/ गावाचा कौलही पुन्हा दिसला. जानेवारी २०२० मध्ये पाथरीला साईबाबांचे जन्मस्थान म्हणून निधी देण्याची घोषणा झाली आणि १९ जानेवारीस शिर्डी बंद राहिली. मंदिर मात्र उघडे होते. आलेल्या यात्रेकरूला दर्शनावाचून परत पाठवायचे नाही, एवढे भान त्या रागातही सुटले नाही. पुढे सरकारशी बोलणी होऊन बंद मागे घेतला गेला.

१७/ १८९७ च्या गावाकडे पैसा नव्हता, अधिकार नव्हता, दप्तरही विरोधात होते. पण पाणी कोठून आणायचे हे ठरवणारा माणूस गावातच राहत होता आणि लोक त्याला नावाने ओळखत होते. आज निधी आहे, कायदा आहे, समिती आहे. पाण्याचा निर्णय घेणारा मात्र बहुधा मुंबईत असतो, आणि गावकऱ्यांना त्याच्यापर्यंत पोहोचायला कधी न्यायालय लागते, कधी बंद.

१८/ रामनवमीला शिर्डीस जाणे झाले, तर निशाणांची मिरवणूक जरूर पाहावी. त्या दोन काठ्यांमागे कुलकर्ण्याचा एक प्रतिकूल अहवाल, कलेक्टरचा एक नकार, दुसऱ्यांदा केलेली एक खटपट आणि लांबच्या विहिरीवर दिवसभर राबलेली काही बैलांची खांदे आहेत. (समाप्त)