इलेक्ट्रॉन-आघाती रेणुविखंडन

निर्वातात बाष्परूप रेणूंवर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करून होणाऱ्या तुकड्यांवरून रेणूची रचना ओळखण्याची पद्धत. आर्थर डेम्प्स्टर यांनी १९१८ मध्ये असा आयन-उगम वापरला. पुढे फ्रेड मॅकलॅफर्टी यांच्या पुनर्रचनेवरील कामाने विखंडनाचे नियम स्पष्ट झाले.

तापलेल्या तंतूतून निघालेल्या इलेक्ट्रॉनांना सामान्यतः ७० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देतात. कार्बनी रेणूच्या आयनीभवनास सुमारे १० पुरतात. रेणूत उरलेल्या जादा ऊर्जेने बंध तुटतात. ऊर्जा सर्वत्र सारखी ठेवल्याने वर्णपट संग्रहातील नोंदींशी ताडता येतात (पहा : द्रव्यमान वर्णपटविज्ञान).

ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेत (१९७३) ही पद्धत वायुवर्णलेखनाच्या जोडीने रासायनिक युद्धद्रव्यांच्या तपासणीसाठी वापरतात. मस्टर्ड वायूचा मूळ आयन १५८ द्रव्यमानांकावर येतो, क्लोरिनाच्या जड समस्थानिकामुळे १६० वर त्याचा जोडीदार दिसतो आणि क्लोरोमिथिल गट (४९) निखळल्यावर १०९ चे ठळक शिखर मिळते. सारिनचा १४० चा मूळ आयन मात्र जवळजवळ दिसतच नाही; तेथे ९९ व १२५ ही शिखरेच खरी खूण. अशा वेळी सौम्य रासायनिक आयनीभवनाची जोड द्यावी लागते.

रासायनिक शस्त्रे बंदी करार (१९९७ पासून अंमलात) राबविणाऱ्या संघटनेने येथील प्रयोगशाळेस नियुक्त प्रयोगशाळेचा दर्जा दिला. संघटनेच्या प्रावीण्य चाचण्यांत एकट्या विखंडन-वर्णपटावर ओळख ग्राह्य धरली जात नाही. दुसऱ्या तंत्राचा पुरावा लागतो (पहा : रासायनिक युद्धतंत्र).