विकल्पपत्राचा इतिहास : भारतातील निवृत्तिवेतन व भविष्यनिर्वाह निधी यांतील निवड

प्रस्तावना

निवृत्तिवेतनाच्या इतिहासाविषयी आपल्याकडे जे लेखन होते ते बहुधा वेतन आयोग, न्यायालयीन निवाडे आणि शासकीय खर्चाचे आकडे यांभोवती फिरते. या इतिहासातील एक साधा कागद मात्र दुर्लक्षित राहिला आहे. तो म्हणजे विकल्पपत्र. 'मी स्वेच्छेने अमुक योजना स्वीकारीत आहे व हा विकल्प अंतिम राहील' अशा आशयाचा हा एकपानी कागद सेवापुस्तकात डकवला जातो आणि पुढील वीस-तीस वर्षांचे उत्पन्न त्यावर ठरते. निवृत्तीचा पैसा कोणत्या रूपात घ्यावा, एकरकमी की दरमहा, आणि केव्हा घ्यावा, हा प्रश्न आज गुंतवणूक सल्लागारांचा मानला जातो. प्रत्यक्षात गेल्या सात दशकांत तो शासनाने कर्मचाऱ्यापुढे पुन:पुन्हा ठेवला आणि प्रत्येक वेळी उत्तराला मुदत घातली. प्रस्तुत निबंधात या विकल्पांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. प्रस्तुत लेखक २००५ नंतर सेवेत आलेल्या पिढीतील असल्याने या विषयाकडे पाहण्याची त्याची दृष्टी पूर्णतः तटस्थ असेल असा दावा करता येणार नाही.

कृपा ते हक्क

मराठेशाहीत वर्षासन व बालपरवेशी ही दोन्ही धन्याच्या मर्जीने चालत. लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना बालपरवेशी मिळे, तीही सेवेची कदर म्हणून. इंग्रजी अमलातही कल्पना फारशी बदलली नाही. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावास वार्षिक आठ लाख रुपयांची नेमणूक मिळाली. १८५१ मध्ये त्यांचे निधन होताच ती संपली आणि नानासाहेबांचा दावा फेटाळला गेला. नेमणूक व्यक्तीच्या हयातीपुरती असते आणि तिच्यावर वारसाचा हक्क पोहोचत नाही, हे सूत्र पुढे दीर्घकाळ टिकले. १८७१ च्या निवृत्तिवेतन अधिनियमाने त्याला कायद्याचे रूप दिले. या अधिनियमाच्या कलम ४ अन्वये सरकारने दिलेल्या निवृत्तिवेतनाविषयी दिवाणी न्यायालयात सर्वसाधारणपणे दावा करता येत नसे. गंमत अशी की याच अधिनियमाच्या कलम ११ ने निवृत्तिवेतनावर सावकाराची जप्ती येऊ नये अशीही व्यवस्था केली. म्हणजे वृद्धाचे सावकारापासून रक्षण झाले; देणाऱ्या सरकारविरुद्ध दाद मागण्याची वाट तेवढी बंद राहिली.

हे चित्र स्वातंत्र्योत्तर काळात पालटले. देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य (१९७१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही कृपा नसून हक्क आहे असे ठरविले. १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नाकारा खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने ३१ मार्च १९७९ या तारखेने निवृत्तांची केलेली विभागणी रद्द केली. हा दिवस आजही निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो. नाकारा निवाड्यावर विपुल लिहिले गेले असल्याने येथे त्याचा विस्तार करीत नाही.

रेल्वेचा विकल्प (१९५७) आणि त्याचे परिणाम

विकल्पपत्राचा सर्वांत बोधक अध्याय भारतीय रेल्वेचा आहे. रेल्वे कर्मचाऱ्यांना पूर्वी अंशदायी भविष्यनिर्वाह निधी लागू होता. कर्मचाऱ्याची कपात, प्रशासनाचा वाटा आणि त्यांवरील व्याज अशी एकरकमी रक्कम निवृत्तीच्या दिवशी हाती पडे आणि संबंध संपे. १६ नोव्हेंबर १९५७ च्या आदेशाने रेल्वेत निवृत्तिवेतन योजना आली. नव्याने रुजू होणाऱ्यांना ती अनिवार्य होती, तर १ एप्रिल १९५७ रोजी सेवेत असलेल्यांना विकल्प देण्यात आला. अनेकांनी जुना निधीच ठेवला.

आज मागे वळून पाहताना हा निर्णय अदूरदर्शी वाटतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने तो १९५७ च्या माहितीवर तपासला पाहिजे. त्या वेळचे निवृत्तिवेतन महागाईशी जोडलेले नव्हते. निर्देशांकाशी निगडित महागाईवाढ निवृत्तांना मिळू लागली ती तिसऱ्या वेतन आयोगानंतर, म्हणजे १९७३ नंतर. व्यापक स्वरूपाची कुटुंब निवृत्तिवेतन योजना आली १९६४ मध्ये. तोपर्यंत निवृत्तिवेतनधारक लवकर निवर्तला तर विधवेच्या हाती फारसे काही उरत नसे. केंद्रीय कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवय तेव्हा ५५ होते (ते १९६२ मध्ये ५८ व १९९८ मध्ये ६० झाले). मुलीचे लग्न, गावाकडचे घर, मुलाचे शिक्षण ही सर्व मोठी देणी त्याच वयात उभी राहत. अशा कुटुंबप्रमुखाने हातात पडणारी एकरकमी रक्कम निवडली, तर त्यात अविवेक कोणता? आयुर्मानाचा युक्तिवादही जपून वापरावा लागतो. १९४१–५१ च्या दशकात जन्मवेळचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते, पण तो आकडा बालमृत्यूंमुळे खाली आलेला आहे. पंचावन्न वर्षांपर्यंत पोहोचलेला माणूस पुढे बराच काळ जगण्याची शक्यता होती. मात्र हा भेद विकल्पपत्र भरणाऱ्या कारकुनाला किंवा फिटरला कोणी समजावून सांगितला असेल असे मानण्यास आधार नाही.

पुढील पंचवीस वर्षांत सौद्याच्या दोन्ही बाजू बदलल्या. १९७३-७४ व १९७४-७५ या दोन्ही वर्षांत घाऊक किमती २० टक्क्यांहून अधिक वाढल्या. ज्यांनी रक्कम घेऊन ती मुदतठेवीत ठेवली होती त्यांचे व्याज तेवढेच राहिले. उलट निवृत्तिवेतन मात्र सुधारत गेले: कुटुंब निवृत्तिवेतन, महागाईवाढ, १९७९ चे उदार सूत्र. रेल्वेने सेवेतील कर्मचाऱ्यांना विकल्प बदलण्याची संधी वेळोवेळी दिली हे नमूद केले पाहिजे. पण त्या संधींना तारखा होत्या आणि आधी निवृत्त झालेले त्यांबाहेर राहिले.

कृष्णकुमार विरुद्ध भारत सरकार (१९९०) या खटल्यात हेच लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. नाकारा निवाड्याचे तत्त्व आम्हालाही लावा, आम्हालाही निवृत्तिवेतनाकडे वळण्याची संधी द्या, असे त्यांचे म्हणणे होते. घटनापीठाने ते मान्य केले नाही. निवृत्तिवेतनधारकाबाबत शासनाची जबाबदारी निवृत्तीने सुरू होते व त्याच्या मृत्यूपर्यंत चालते. भविष्यनिर्वाह निधीधारकाची रक्कम अदा होताच जबाबदारी संपते. म्हणून हे दोन वेगळे वर्ग आहेत, असा त्या निवाड्याचा आशय आहे. कायद्याच्या तर्कात ही मांडणी सुसंगत आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र एक विषमता उरते. कर्मचाऱ्याची निवड गोठलेली राहिली आणि ज्या योजनेशी तुलना करून ती केली होती ती योजना बदलत राहिली. चौथ्या वेतन आयोगानंतर १ मे १९८७ च्या आदेशाने केंद्राने क्रम उलटा केला: १ जानेवारी १९८६ रोजी सेवेत असलेला निधीधारक मुदतीत वेगळे न कळविल्यास निवृत्तिवेतनात आला असे मानले जाणार होते. न बोलणाऱ्याचे मौन प्रथमच त्याच्या बाजूने धरले गेले. त्याआधी निवृत्त झालेल्या हयात निधीधारकांना नोव्हेंबर १९९७ पासून दरमहा ६०० रुपयांचे सानुग्रह साहाय्य मिळू लागले. 'सानुग्रह' हा शब्द येथे लक्षात घेण्यासारखा आहे. हक्काचा निवाडा होऊन पंधरा वर्षे झाल्यावरही या गटापुरता अनुग्रहच शिल्लक होता.

महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांच्या शिक्षकांना हा अध्याय परका नाही. जुलै १९८३ च्या शासन निर्णयाने १ ऑक्टोबर १९८२ रोजी वा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना निवृत्तिवेतन लागू झाले आणि सेवेतील शिक्षकांपुढे तोच प्रश्न आला: अंशदायी निधी की निवृत्तिवेतन? त्या तारखेच्या थोडे आधी निवृत्त झालेला आणि थोडा नंतर निवृत्त झालेला सहकारी यांच्या वार्धक्यातील अंतर आपल्यापैकी ज्येष्ठांनी पाहिले आहे.

अंशराशीकरण : आजचा पैसा आणि उद्याचा

ज्यांनी निवृत्तिवेतन निवडले त्यांच्यासमोर दुसरा विकल्प येतो तो अंशराशीकरणाचा. पूर्वी निवृत्तिवेतनाचा एक तृतीयांश आणि पाचव्या वेतन आयोगानंतर ४० टक्क्यांपर्यंत भाग विकून एकरकमी रक्कम घेता येते. १९८६ पूर्वी विकलेला भाग कायमचा जात असे. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेमुळे १९८६ मध्ये तो पंधरा वर्षांनी पुनःस्थापित होऊ लागला.

केंद्राच्या २००८ च्या तक्त्यानुसार साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यास ८.१९४ हा गुणक लागू होतो. ४०,००० रुपये मूळ निवृत्तिवेतनापैकी १६,००० रुपयांचे अंशराशीकरण केल्यास सुमारे १५ लाख ७३ हजार रुपये मिळतात. पंधरा वर्षांत कपात होते ती २८ लाख ८० हजारांची. आकडे नुसते शेजारी ठेवले तर व्यवहार तोट्याचा वाटतो, आणि अनेक संघटनांच्या निवेदनांत तो तसाच मांडला जातो. हा हिशेब अपुरा आहे. व्याजाच्या भाषेत मांडल्यास हे सुमारे ९ टक्के दराचे कर्ज ठरते. पण निवृत्तिवेतनधारकाचा मृत्यू झाल्यास उरलेली वसुली होत नाही आणि कुटुंब निवृत्तिवेतनही कमी होत नाही. शिवाय शासकीय कर्मचाऱ्यास ही रक्कम करमुक्त असते, आणि महागाईवाढ मूळ, म्हणजे न घटवलेल्या, निवृत्तिवेतनावरच मिळत राहते. गृहकर्ज फेडायचे असेल किंवा प्रकृती क्षीण असेल त्यास अंशराशीकरण हितावह ठरू शकते. प्रकृती ठणठणीत असून रक्कम केवळ बँकेत सहा-सात टक्क्यांनी ठेवायची असेल, तर घाई करण्याचे कारण दिसत नाही. नातेवाइकांच्या उसनवारीचा विचार येथे मुद्दाम केलेला नाही, तरी मोठी रक्कम हाती आल्याची वार्ता घरात लपत नाही हे सर्वश्रुत आहे.

कामगारांची योजना : केव्हा मागावे?

'केव्हा मागावे' हा प्रश्न खऱ्या अर्थाने येतो तो औद्योगिक कामगाराला. १९५२ च्या कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी अधिनियमाने प्रारंभी सहा उद्योगांना संरक्षण दिले, त्यांत कापड उद्योग असल्याने मुंबईचा गिरणी कामगार त्यात आला. १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. किमान दहा वर्षांच्या सेवेनंतर ५८ व्या वर्षी निवृत्तिवेतन मिळते. नोकरी सुटल्यास पन्नाशीनंतर लवकर मागता येते, मात्र दर वर्षामागे ४ टक्के घट होते. २०१६ च्या दुरुस्तीने साठीपर्यंत थांबल्यास दर वर्षी ४ टक्के वाढ देऊ केली.

थांबावे का? दोन वर्षे थांबल्यास वाढ होते ८.१६ टक्के आणि सोडावे लागतात २४ हप्ते. व्याज न धरताही हे हप्ते भरून येण्यास साठीनंतर सुमारे साडेचोवीस वर्षे लागतात, म्हणजे वयाची ८४ वर्षे उलटावी लागतात. त्यात हे निवृत्तिवेतन महागाईशी जोडलेले नाही. थांबण्याचे बक्षीस इतके तुटपुंजे असताना योजनेने त्यास प्रोत्साहन म्हणावे हे विचित्र वाटते. लवकर मागणाऱ्याचाही हिशेब सरळ नाही: ५७ व्या वर्षी मागितल्याचा तोटा दिसू लागतो तो ८२ च्या पुढे, परंतु त्यासाठी नोकरी आधी सुटलेली असावी लागते. बंद गिरणीच्या कामगाराला हा विकल्प होता असे म्हणणे हा शब्दांचा खेळ होईल. ४ नोव्हेंबर २०२२ च्या निवाड्याने वाढीव वेतनावर निवृत्तिवेतन घेण्याचा संयुक्त विकल्प देण्यास चार महिन्यांची मुदत दिली, तेव्हा जुनी कागदपत्रे शोधताना कामगारांची जी धावपळ झाली तीत १९५७ चीच छाया दिसते.

२००४ नंतर

२२ डिसेंबर २००३ च्या अधिसूचनेने केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या कर्मचाऱ्यांना परिभाषित अंशदान योजना लागू झाली. या वेळी विकल्पपत्र नव्हतेच. रुजू होण्याची तारीख हाच विकल्प ठरला. शासकीय कर्मचाऱ्याने साठाव्या वर्षी ६० टक्क्यांपर्यंत रक्कम काढावी आणि किमान ४० टक्क्यांची वार्षिकी विकत घ्यावी, अशी तिची रचना आहे. वार्षिकीचा दर खरेदीच्या दिवशी कायमचा ठरतो, तिला महागाईवाढ नसते. जोखीम अशा रीतीने पूर्णपणे व्यक्तीकडे आली. १९५७ चा निधीधारक निदान निवड करून या वाटेने गेला होता.

मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील शासकीय व निमशासकीय कर्मचाऱ्यांनी जुन्या योजनेसाठी सात दिवसांचा संप केला. त्याच महिन्यात केंद्राने २२ डिसेंबर २००३ पूर्वी जाहिरात निघालेल्या पदांवरील कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेचा एकवेळचा विकल्प दिला. त्यानंतर १ एप्रिल २०२५ पासून केंद्रात एकीकृत निवृत्तिवेतन योजना आली. पंचवीस वर्षांच्या सेवेस शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के व दहा वर्षांच्या सेवेस किमान १०,००० रुपये असे तिचे आश्वासन आहे. निवृत्तीच्या वेळी निधीतून रक्कम काढल्यास दरमहाचे आश्वासन त्या प्रमाणात घटते. अंशराशीकरणाचा जुना प्रश्न येथे पुनः:स्थापनेच्या सोयीविना परतला आहे. विकल्प देण्याची मुदत ३० जूनवरून दोनदा वाढवून ३० नोव्हेंबर २०२५ करण्यात आली. एक तरतूद मात्र पूर्वीच्या विकल्पपत्रांहून निराळी आहे. ही योजना स्वीकारलेल्या कर्मचाऱ्यास निवृत्तीच्या एक वर्ष आधीपर्यंत एकदाच राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत परत जाता येते. एकदा तिकडे गेल्यावर पुन्हा इकडे येता येत नाही.