चिखल, चाक आणि नांगर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८६९ सालीं पूर्वेकडील व पश्चिमेकडील लोहमार्ग एकमेकांस येऊन मिळाले आणि त्या विशाल देशाचीं दोन टोकें सांधलीं गेलीं. परंतु आगगाडीच्या स्थानकापासून शेतकऱ्याच्या दारापर्यंतचे दोन-चार कोस मात्र जसेच्या तसेच राहिले. पावसाच्या दिवसांत आणि बर्फ वितळूं लागलें म्हणजे या वाटा चिखलांत बुडून जात. गाडीचीं चाकें आंसापर्यंत रुतत, धान्य कोठारांत पडून राही, मुलांच्या शाळा बुडत.

या वाटांची डागडुजी एका जुन्या रीतीनें चाले. गांवकऱ्यानें वर्षांतून कांहीं दिवस रस्त्यावर राबलें की त्याचा रस्त्याचा कर फिटे. राबणाऱ्यास त्या विद्येचें ज्ञान नसे व आस्थाहि बेताचीच असे. वाटेवर लोटलेली माती पुढच्या पावसांत वाहून जाई.

या स्थितीविरुद्ध संघटित आवाज उठविला तो शहरांतील सायकलस्वारांनीं. ३१ मे १८८० रोजीं न्यूपोर्ट येथें ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ हा त्यांचा संघ स्थापन झाला. सायकल ही त्या काळीं उंच चाकाची, सुखवस्तु लोकांची हौस होती. यांच्या सहलींसाठीं आपण कर कां भरावा, असा शेतकऱ्यांचा सवाल होता; आणि तो गैरवाजवी नव्हता, कारण रस्त्याच्या खर्चाचा भार मुख्यतः जमिनीवर पडे.

हा विरोध मोडून काढण्यापेक्षां त्याचें समाधान करणें शहाणपणाचें, हें संघाच्या धुरीणांनीं ओळखलें. आयझॅक पॉटर यांनीं १८९१ सालीं शेतकऱ्यांस उद्देशून एक पुस्तिका लिहिली व चिखलामुळें त्यांचें स्वतःचें किती नुकसान होतें तें मांडलें. पुढील वर्षीं संघानें ‘गुड रोड्स’ हें मासिक काढलें. बोस्टनचे सायकल-कारखानदार आल्बर्ट पोप यांनीं द्रव्यबळ दिलें. त्यांत त्यांच्या धंद्याचाहि लाभ होता, हें उघड आहे.

फळ हळूहळू येऊं लागलें. १८९१ सालीं न्यू जर्सी संस्थानानें रस्त्यांच्या खर्चाचा एक तृतीयांश भाग उचलण्याचा कायदा केला. १८९३ सालीं मध्यवर्ती सरकारनें जनरल रॉय स्टोन यांच्या हाताखालीं रस्ते-चौकशीची कचेरी उघडली. तिला दहा हजार डॉलर मिळाले व ती शेतकी खात्यांत ठेवण्यांत आली. नमुन्यादाखल लहान लहान पक्के रस्ते बांधून तिनें लोकांस प्रत्यक्ष दाखविले.

खरा पालट घडविला तो टपालानें. खेड्यांत पत्रें घरपोंच मिळावींत, यासाठीं ‘ग्रेंज’ ही शेतकऱ्यांची संस्था झगडत होती. १८९६ सालीं ती योजना सुरू झाली. पण टपालवाल्यास जातां येईल असा रस्ता असणें अवश्य होतें. आतां शेतकरीच रस्ता मागूं लागला. तरीहि १९०४ सालच्या मोजणींत एकवीस लाखांहून अधिक मैल रस्त्यांपैकीं शेंकडा सुमारें सातच सुधारलेले आढळले. अखेर ११ जुलै १९१६ रोजीं अध्यक्ष विल्सन यांनीं सही केलेल्या कायद्यानें ग्रामीण टपाल-मार्गांसाठीं पांच वर्षांत साडेसात कोटि डॉलर मंजूर झाले.

तोंवर सायकलस्वारांचा संघ ओसरला होता. १८९८ च्या सुमारास लाखावर गेलेली त्याची सभासदसंख्या थोड्याच वर्षांत कांहीं हजारांवर आली. नव्या रस्त्यांवर मोटारींचें राज्य झालें. या संघाच्या कीर्तीस एक डागहि आहे. रस्ता सर्वांचा असें सांगणाऱ्या या मंडळींनीं १८९४ सालीं कृष्णवर्णीयांस सभासदत्वाचें दार बंद केलें. तो ठराव विधिपूर्वक रद्द व्हावयास १९९९ साल उजाडावें लागलें.

सायकलस्वार स्वतःसाठीं रस्ता मागत होते तोंपर्यंत त्यांस तो मिळाला नाहीं. शेतकऱ्याचा तोटा ते मोजूं लागले, तेव्हां दोघांसाठींहि वाट मोकळी होऊं लागली. त्या वाटेनें पुढें कोण जाईल, हें मात्र दोघांच्याहि हातीं उरलें नाहीं.