तुकडी कोणती आणि वाट कोणती? माध्यमिक शाळांतील निवडीचा थोडा इतिहास



जून महिना आला की आपल्या मंडळाच्या कार्यालयात सायंकाळी पालकांची वर्दळ सुरू होते. शिष्यवृत्तीचे अर्ज, पुस्तकपेढी, गुणपत्रिकांच्या नकला ही निमित्ते असतात. खरा विषय वेगळाच निघतो. “चिरंजीवांना त्या शाळेत प्रवेश मिळाला ना?” “मिळाला हो, परंतु तुकडी ‘क’ आली.” “अरेरे! मुख्याध्यापकांना एकदा भेटून पाहा.” विद्यार्थी साहाय्य समितीचे काम करताना हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की, आता तो पाठ झाला आहे. नामांकित शाळेत प्रवेश मिळणे हा अर्धाच आनंद; तुकडीचे अक्षर कळेपर्यंत घरात गोड होत नाही.

ही चिंता खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु मुलांची वर्गवारी करण्याची ही रीत आपल्याकडे कशी आली, आणि मागील पिढ्यांतील पालकांनी तिच्याशी कसा व्यवहार केला, हे पाहिले तर आपल्या चिंतेला योग्य दिशा मिळेल असे वाटते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. त्या पहिल्या मोजक्या उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे होते. १८६२ साली जे पहिले चौघे पदवीधर झाले ते रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. मॅट्रिकचे दार उघडले की पुढे महाविद्यालय आणि सरकारी नोकरी, हे समीकरण समाजाने फार लवकर ओळखले. तेव्हापासून इंग्रजी शाळेचा सारा अभ्यास त्या एका परीक्षेकडे तोंड करून बसला.

याविरुद्ध तक्रारही तितक्याच लवकर झाली. १८८२ साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी त्यापुढे निवेदन सादर केले. त्यांचा मुख्य भर बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणावर होता. तथापि हायस्कुलांतील शिक्षण व्यवहाराला निरुपयोगी असून त्यातून केवळ कारकून व शाळामास्तर निर्माण होतात, आणि मॅट्रिकची परीक्षा शिक्षक व विद्यार्थी यांचे सारे लक्ष वेधून घेते, हेही त्यांनी स्पष्टपणे मांडले होते.

हंटर आयोगाने यावर सुचविलेला उपाय मोठा मनोरंजक आहे. हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन शाखा असाव्यात. ‘अ’ अभ्यासक्रम विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणारा, आणि ‘ब’ अभ्यासक्रम व्यापार व इतर व्यवहारोपयोगी विषयांचा. कल्पना वाईट नव्हती. परंतु देशभर पालकांनी ‘ब’ अभ्यासक्रमाकडे जवळजवळ पाठच फिरविली. पुढे अनेकांनी याचा दोष पालकांच्या कारकुनी वृत्तीला दिला. मला तो निवाडा अन्यायाचा वाटतो. ‘अ’मधून गेलेल्या मुलाला महाविद्यालयही खुले होते आणि नोकरीही, ‘ब’मधून गेलेल्याला विद्यापीठाकडे परत वळण्याची वाट नव्हती. ज्या रस्त्यावरून परत फिरता येत नाही, त्या रस्त्यावर पोटचे मूल कोण धाडील? त्या अल्पशिक्षित पालकांनी अक्षर पाहिले नाही, वाट पाहिली. ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी.

याच सुमारास पुण्यात अभ्यासक्रमाचा दुसरा वाद पेटला. १८८४ साली रानडे, भांडारकर, मोडक आदी मंडळींनी मुलींचे हायस्कूल सुरू केले. पेशव्यांच्या हुजूरपागेच्या जागेमुळे ते पुढे ‘हुजूरपागा’ या नावाने प्रसिद्ध झाले. मुलींना इंग्रजी व गणित मुलांप्रमाणे शिकवावे की गृहकृत्यांना जुळेल असा वेगळा क्रम लावावा, यावर वृत्तपत्रांतून कडाक्याची चर्चा झाली. ‘केसरी’ने शाळेच्या वेळेवर आणि अभ्यासक्रमावर टीका केली, उलट गोपाळ गणेश आगरकरांनी स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण, तेही एकत्र द्यावे, असा पक्ष मांडला. ज्यांनी स्वतः मॅट्रिकचे दार पहिल्याप्रथम ओलांडले होते, त्याच गृहस्थांनी पंचवीस वर्षांनी मुलींसाठी तशी शाळा काढावी, यात मोठी सुसंगती आहे. दार कोणते आणि ते कोठे उघडते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

येथे घरची एक गोष्ट सांगतो. आमची थोरली बहीण, अक्का, १९६२ साली एका नावाजलेल्या शाळेत आठवीला गेली. प्रवेशाच्या दिवशी वडिलांनी शाळेत एकच प्रश्न विचारला, “तुकडी कोणती?” उत्तर मिळाले, “अ.” वडील पेढे घेऊनच घरी आले. त्यांनी ज्या कागदावर सही केली होती त्यावर बीजगणित-भूमितीच्या जागी अंकगणित आणि पुढे गृहशास्त्र असे लिहिलेले होते. मुलींना ते सोपे व उपयोगी पडते, असे शाळेत सांगण्यात आले आणि वडिलांनी मान डोलावली. १९६६ साली अक्का एस. एस. सी.ला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. तिला विज्ञान शाखेत जावयाचे होते, डॉक्टर व्हावयाचे होते. महाविद्यालयाच्या खिडकीवरील कारकुनाने गुणपत्रिका पाहिली आणि ती तशीच परत केली. बीजगणित-भूमिती नाही, तर विज्ञान शाखा नाही. त्या दिवशी वडील घरी आले ते रात्री जेवले नाहीत. अक्काने पुढे कला शाखेची पदवी घेतली, बँकेत उत्तम नोकरी केली, संसार केला. ती कधी तक्रार करीत नाही. वडील मात्र अखेरपर्यंत म्हणत, “मी अक्षर विचारले, विषय विचारले नाहीत.”

स्वातंत्र्यानंतर विभागणीचा प्रश्न पुन्हा एकदा राष्ट्रीय पातळीवर आला. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या आयोगाने १९५३ साली बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली. मानव्य, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललितकला आणि गृहविज्ञान असे सात गट त्यात होते. चौदा-पंधराव्या वर्षी मुलाने आपला गट निवडावा, अशी ती योजना होती. पुढे डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६६ साली उलट निष्कर्ष काढला. दहावीपर्यंत सर्वांना समान शिक्षण असावे, आणि गणित व विज्ञान हे विषय मुलगे-मुली सर्वांनाच आवश्यक असावेत, असे त्या आयोगाने सांगितले. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील, हे आपणांस अभिमानास्पद आहे. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधातील दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. अक्काच्या मुलीने त्याच आकृतिबंधात बीजगणित-भूमितीसह दहावी केली. तिला कोणी विचारलेही नाही की, मुलीला हे कशाला?

हा अनुभव केवळ आपलाच नव्हे. इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांना ग्रामर, तांत्रिक आणि मॉडर्न अशा शाळांत वाटण्याची पद्धत रूढ झाली. बुद्धी ही जन्मजात व अचल असून ती अकराव्या वर्षी मोजता येते, असा त्यामागे विश्वास होता. वास्तविक १९०५ साली बुद्धिमापनाची पहिली कसोटी तयार करणाऱ्या आल्फ्रेड बिने यांचा उद्देश ज्यांना अधिक साहाय्य हवे अशी मुले शोधणे हा होता, आणि बुद्धी वाढत नाही या मताला त्यांचा विरोधच होता. मॉडर्न शाळेत गेलेल्या मुलांच्या पालकांचा असंतोष वाढत गेला आणि १९६५ साली तेथील सरकारने स्थानिक अधिकाऱ्यांना सर्वांसाठी एकत्र शाळांची योजना करण्यास सांगितले. ग्रामर शाळा काही भागांत आजही आहेत, आणि तेथील पालकांची धावपळही आहे.

याचा अर्थ निवड सर्वथा वाईट, असा नव्हे. साताऱ्याची सैनिक शाळा (१९६१), पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीची प्रशाला (१९६९), अथवा १९८६ च्या सुमारास सुरू झालेली नवोदय विद्यालये, ज्यांतील पहिल्या दोहोंपैकी एक अमरावतीचे, यांनी कितीतरी मुलांना मोठी संधी दिली. नवोदयमध्ये किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखून निवडीचा उपयोग समतेसाठीही करून दाखविला. प्रश्न निवडीचा नाही. निवड न झालेल्या मुलासाठी पुढे काय ठेवले आहे, याचा आहे.

आणि हा प्रश्न संपलेला नाही. केंद्रीय मंडळाने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताचे ‘स्टँडर्ड’ व ‘बेसिक’ असे दोन प्रकार केले. सोपा प्रकार घेणाऱ्यास अकरावीत गणित घेता येणार नाही, असा मूळ नियम होता. पुढे त्यात सवलती दिल्या गेल्या, हे खरे. परंतु नववी-दहावीत “सोपे आहे, घेऊन टाक” असे म्हणणाऱ्या पालकाने तो नियम वाचला होता काय? साठ वर्षांपूर्वी वडिलांपुढे आलेला कागदच नवे रूप घेऊन आपल्यापुढे येत असतो.

तेव्हा पालक-बंधुभगिनींना विनंती अशी की, शाळेत जाल तेव्हा तुकडीचे अक्षर अवश्य विचारा, परंतु तेथे थांबू नका. सर्व तुकड्यांना तेच विषय व तेच शिक्षक आहेत काय? वर्षअखेर एका तुकडीतून दुसरीत जाता येते काय, आणि ते कशावरून ठरते? आज एखादा विषय सोडला तर पुढे कोणती दारे बंद होतात, आणि ती पुन्हा उघडण्याची काही सोय आहे काय? आणि शेवटचा प्रश्न शाळेला नव्हे, घरी मुलाला विचारावयाचा: तुला काय आवडते? आमच्या घरी तो प्रश्न अक्काला कोणी विचारला नव्हता.

‘क’ तुकडीतील मूल घरी येईल तेव्हा त्याच्या हातावर साखर ठेवा. अक्षरे शाळेच्या सोयीसाठी असतात, आणि ती पुसून पुन्हा लिहिली जातात, हे दीडशे वर्षांचा इतिहास सांगतो. वाट मात्र मोकळी आहे की नाही, ते पाहणे आपल्या हाती आहे. ज्यांना अर्जातील विषयांची माहिती समजून घ्यावयाची असेल त्यांनी जून महिन्यात मंडळाच्या कार्यालयात अवश्य यावे. सही करण्यापूर्वी यावे, एवढीच प्रार्थना.