वसईची बोली आणि देशाची ओळख



राष्ट्राची ओळख कशाने घडते, असे विचारले की आपल्याला झेंडा, सीमा आणि लढाया आठवतात. आपल्या वसईचा इतिहास मात्र थोडे वेगळे उत्तर देतो. इथे राज्ये बदलली, अनेक घरांचे धर्म बदलले. टिकली ती बोली.

सुरुवात सोपाऱ्यापासून करू. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप उत्खनन करून उजेडात आणला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यातच मिळाला. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख संस्कृतात नाही, प्राकृतात आहे. ज्या राजाचे सिंह आज आपल्या नोटांवर आहेत, त्याने प्रजेला सांगायचे ते प्रजेला कळेल अशा भाषेत सांगितले.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढच्या दोनशे वर्षांत किल्ल्यात चर्च उभी राहिली, धर्मांतरे झाली, आडनावे बदलली. तरी घरात पोर्तुगीज रुजली नाही. सामवेदी, म्हणजेच कादोडी, बोली आजही सामवेदी ब्राह्मणांच्या घरांत आहे आणि कुपारी ख्रिस्ती घरांतही. वाडवळी बोलीचेही तसेच. प्रार्थना वेगळ्या झाल्या, पण शेजाऱ्याला बांधावरून हाक मारायची भाषा एकच राहिली.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह बाहेर पडू दिले गेले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. चर्चच्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा आणि भीमाशंकरची घंटा त्यांतल्याच, असे परंपरा सांगते. जिंकलेल्याची मिरवणूक त्यात होती, हे खरेच. पण ज्या घंटा चर्चसाठी ओतल्या गेल्या, त्यांच्याच नादावर पिढ्यान्‌पिढ्या भाविकांनी हात जोडले, हेही तितकेच खरे.

राज्य गेल्यावरही इथले ख्रिस्ती इथेच राहिले, कारण ते इथलेच होते. त्याची साक्ष आपल्या पिढीने पाहिली. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला. आक्षेप झग्यावर होता. मराठीवर कुणाला बोट ठेवता आले नाही. २०२४ मध्ये फादर गेले, पण भारतीय असण्यासाठी एकाच साच्यात बसावे लागत नाही, हे त्यांनी न भांडता दाखवून दिले.

आता धोका कुठल्या सैन्याचा नाही, सोयीचा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्याला आनंद झाला आणि तो आपण मुलांना इंग्रजीत मेसेज करून कळवला. आजीशी कादोडीत बोलणारे आपण मुलांशी प्रमाण मराठीत बोलतो, मुले एकमेकांशी हिंदी-इंग्रजीत. तीन पिढ्यांत एक बोली घराबाहेर पडते आणि कुणी तिला हाकललेलेही नसते. पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षांत जे झाले नाही, ते आपल्या हयातीत होऊ शकते.

म्हणून एक विनंती. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी किंवा शेजारी लग्नाची गाणी, शेतीचे आणि मासळीचे शब्द येणारे एखादे वडीलधारे माणूस अजून आहे. फोन समोर ठेवून त्यांना अर्धा तास बोलते करा. पुढच्या स्नेहसंमेलनाला येताना ते ध्वनिमुद्रण घेऊन या. एकत्र करून ठेवायचे काम माझ्याकडे. तांत्रिक बाजू मी सांभाळीन. बोलणारी माणसे मात्र तुम्हीच शोधायची आहेत, आणि लवकर.