पागलखान्यापासून समुपदेशकाच्या खोलीपर्यंत

सक्करदऱ्याच्या भोसलेवाड्याशी निगडित असलेली एक घटना जुन्या नागपूरकरांस ठाऊक आहे. इ. स. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी शहराच्या दुसऱ्या टोकास असलेल्या वेड्यांच्या इस्पितळातून एका माणसाला हमी देऊन सोडवले आणि सन्मानाने सक्करदऱ्यास आणले. हा माणूस म्हणजे ताजुद्दीन बाबा. त्यांचा जन्म १८६१ साली कामठीचा. तरुणपणी ते पलटणीत नोकरीस होते. पुढे ती नोकरी सुटली, आणि त्यांचे वागणे छावणीतील साहेबांना वेडेपणाचे वाटल्यावरून १८९२ साली त्यांची रवानगी इस्पितळात झाली. तेथे त्यांची सोळा वर्षे गेली. नंतर काही काळ ते सावनेरजवळील वाकी येथे राहिले, पुन्हा नागपुरास परतले आणि १९२५ च्या ऑगस्टमध्ये वारले. उमरेड मार्गावरील ताजबागेत त्यांची समाधी आहे.

त्यांच्या सिद्धीविषयी बोलणे हे आमचे काम नव्हे. आमचे लक्ष जाते ते दुसऱ्याच गोष्टीकडे. ते इस्पितळात कोंडलेले असतानाच त्यांना भेटण्यासाठी माणसे तेथे जात असत. हिंदू जात, मुसलमान जात, श्रीमंत जात, गरीब जात. कोणाचे मूल आजारी, कोणाच्या घरात कलह, कोणास झोप नाही. म्हणजे ज्या भिंतीच्या आत सरकारने वेडे ठेवले होते, त्याच भिंतीपाशी बाहेरची शहाणी माणसे आपले दुःख सांगावयास रांगेने उभी राहत होती. दुःख ऐकून घेणारा कोणीतरी हवा, ही भूक तेव्हाही होती. तिच्यासाठी दार मात्र नव्हते.

ते इस्पितळ १८६४ साली स्थापन झाले. आज त्याचे नाव प्रादेशिक मनोरुग्णालय असे आहे. ठाणे, येरवडा व रत्नागिरी यांच्यासह राज्यात अशी चार जुनी रुग्णालये आहेत. पण पाटीवरचे नाव बदलले तरी लोकांच्या तोंडचे नाव बदलत नाही. ऑटोवाल्यास आजही ‘पागलखाना चौक’ असेच सांगावे लागते. नागपुरातील मूल भांडणात पहिली शिवी शिकते ती बहुधा याच चौकाच्या नावाने. आमच्या धर्मग्रामातील एखाद्या घरी ‘मुलीला समुपदेशकाकडे न्या’ असे सुचवले की आईच्या डोळ्यांपुढे प्रथम तोच चौक उभा राहतो, आणि मग ‘फादर, आमची मुलगी तशी नाही हो’ हे वाक्य ठरलेले असते.

ही भीती केवळ अज्ञानातून आलेली नाही, हे न्यायाने म्हटले पाहिजे. तिला इतिहास आहे. १९१२ च्या कायद्याचे नावच मुळी ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’ असे होते. मॅजिस्ट्रेटचा हुकूम, डॉक्टरचा दाखला, पोलिसाचा हात, ही त्याची वाट. माणूस आत जाई तो हुकमाने, आणि बाहेर येई तोही हुकमाने किंवा कोणा राजाच्या हमीने. स्वतः त्याला काय होते आहे, हे विचारण्याची गरज कायद्यास फारशी वाटत नव्हती. हा कायदा पुस्तकात राहिला तो १९८७ चा नवा कायदा १९९३ साली अमलात येईपर्यंत. आज साठीत असलेले आमचे पुष्कळ श्रद्धावंत त्या जुन्या कायद्याखालीच वाढले आहेत.

आपल्या धर्मसभेच्या इतिहासातही अशीच एक कथा आहे. देवाचा संत योहान हा पोर्तुगालात जन्मलेला, आयुष्यभर भटकलेला, कधी मेंढपाळ, कधी शिपाई, कधी पुस्तके विकणारा माणूस. १५३९ च्या सुमारास ग्रानादा शहरात अविलाच्या योहानाचे प्रवचन ऐकून तो इतका हलला की रस्त्यावर केस उपटत, रडत फिरू लागला. लोकांनी त्याला राजेशाही इस्पितळातील वेड्यांच्या विभागात नेऊन टाकले. तेथील उपचार म्हणजे बांधणे आणि फटके. त्याला तेथून वर काढले ते अविलाच्या योहानाने. त्याने त्याचे सारे ऐकून घेतले आणि आता स्वतःला शिक्षा देणे पुरे, गरिबांची सेवा कर, असा रोकडा सल्ला दिला. बाहेर आल्यावर या माणसाने आजाऱ्यांसाठी इस्पितळ काढले. आज तो रुग्णांचा व इस्पितळांचा आश्रयदाता संत आहे आणि ८ मार्चला आपण त्याचा सण पाळतो. समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी या दोघा योहानांची गाठ मनात आणावी.

ऐकून घेण्याची ही कला आपणांस परकी नाही. १२१५ च्या चौथ्या लातेरन धर्मपरिषदेने प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे असा नियम केला. त्याच नियमात धर्मगुरूने कुशल वैद्यासारखे वागावे, समोरच्या माणसाची परिस्थिती नीट विचारून घ्यावी, आणि ऐकलेले शब्दाने वा खुणेनेही उघड करू नये, असेही सांगितले आहे. तिकडे व्हिएन्ना शहरात १८८० ते १८८२ या काळात ब्रॉयर नावाच्या डॉक्टरची एक तरुण रुग्ण, बर्था पापेनहाइम, हिच्या ध्यानात आले की मनातले बोलल्यावर आपला त्रास उतरतो. या प्रकाराला ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव डॉक्टरने नव्हे, तिने स्वतः दिले. पुढे अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या आपल्या ग्रंथात समोरच्या माणसास रुग्ण न म्हणता ‘क्लायंट’ म्हणावे, त्यास उपदेश पाजू नये, त्याचे पूर्ण ऐकावे, असा आग्रह धरला. हे रॉजर्स तरुणपणी न्यूयॉर्कच्या एका सेमिनरीत दोन वर्षे धर्मशास्त्र शिकत होते. आपल्या महाराष्ट्रात हा विचार धर्मगुरू व धर्मभगिनींपर्यंत पोहोचवण्याचे मोठे श्रेय येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांना जाते. शिकागोस समुपदेशन शिकून आलेल्या या माणसाने १९७० नंतरच्या दशकात पुण्यास ‘साधना’ संस्था उभी केली. ती पुढे लोणावळ्यास गेली. त्यांच्या काही लिखाणाविषयी रोमने १९९८ साली सावधगिरीची सूचना काढली हे आम्ही विसरलेलो नाही, पण ऐकायला कसे बसावे हे अनेकांना त्यांनीच शिकवले.

शिकवले खरे, परंतु आम्ही ते किती शिकलो? काही वर्षांपूर्वी एक वडील आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीची तक्रार घेऊन आमच्याकडे आले. ती रात्रभर जागते, जेवत नाही, मिस्साला येत नाही. आम्ही दहा मिनिटांत त्यांना नोव्हेना सांगितली, मुलीला डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि मोबाइल काढून घ्या असे बजावले. तिला एक प्रश्नही विचारला नाही. दोन महिन्यांनी तिने उंदराचे औषध घेतले. देवाच्या कृपेने व डॉक्टरांच्या धावपळीने ती वाचली. नोव्हेना चुकीची नव्हती. केवळ नोव्हेनेवर थांबणे ही आमची चूक होती. त्यानंतर समुपदेशकाच्या पहिल्या भेटीस आम्ही तिच्याबरोबर गेलो आणि बाहेरच्या बाकावर बसलो. त्या खोलीत काय घडते, हे तिने व नंतर इतरांनी सांगितले त्यावरून आणि आमच्या वाचनावरून येथे लिहीत आहोत.

पहिली भेट बहुधा पाऊण ते एक तासाची असते. खोलीत पलंग नसतो, इंजेक्शन नसते. दोन खुर्च्या असतात. आरंभी नाव, वय, घरात कोण कोण, पूर्वीचे आजार व चालू औषधे यांची नोंद होते. तेव्हा डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या बरोबर असाव्यात. मग ‘कशासाठी आलात?’ असा प्रश्न येतो. याचे उत्तर पाठ करून जाण्याची गरज नाही. ‘कोठून सुरू करू ते कळत नाही’ हेही उत्तर चालते. झोप, भूक, अभ्यास वा नोकरी, घरातले संबंध, दारू, यांविषयी विचारणा होते. आणि ‘जगू नये असे कधी वाटते का?’ हेही सरळ विचारले जाते. या प्रश्नाने पालक दचकतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल असे त्यांना वाटते. तसे होत नाही. जो विचार आधीच आत आहे त्याला बाहेर येण्यास वाट मिळते, इतकेच. रडू आल्यास येऊ द्यावे. सर्व काही पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे असे नाही.

पापनिवेदनाशी याची गल्लत मात्र नको. समुपदेशक पापक्षमा देत नाही आणि प्रायश्चित्तही सांगत नाही. पापनिवेदनाची मोहोर निरपवाद आहे. समुपदेशकाच्या गुप्ततेला अपवाद आहेत, विशेषतः कोणाच्या जिवास धोका दिसल्यास. चांगला समुपदेशक ही मर्यादा पहिल्याच भेटीत सांगतो. न सांगितल्यास आपण विचारावी. तो औषधेही लिहून देत नाही. ते मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचे काम, आणि गरज वाटल्यास तो त्यांच्याकडे पाठवतो. पाटी कोणीही लावू शकतो, म्हणून त्याचे शिक्षण विचारण्यास संकोच करू नये. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. पहिल्या भेटीत मन हलके होईलच असा भरवसा नाही. कधी अधिक थकवा येतो. दोनतीन भेटींनंतरही सूर जुळला नाही तर दुसऱ्याकडे जावे. त्यात अपमान कोणाचाच नाही.

पालकांस आणखी एक सांगणे आहे. मुलगी बाहेर आल्यावर ‘काय काय विचारले?’ असा उलटतपास घेऊ नका. आमच्याबरोबर आलेल्या त्या वडिलांनी तो मोह आवरला. ते फक्त म्हणाले, ‘चहा घ्यायचा का, बाई?’ पुढच्या आठवड्याची वेळ मुलीने स्वतःच घेतली होती.

कायदाही आता पुष्कळ बदलला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क मानला, रुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आणि त्याची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच तो कायदा गृहीत धरतो. धर्मसभेची वाटही अशीच झाली. १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेत ती तरतूद राहिली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने गंभीर मानसिक व्यथेमुळे माणसाची जबाबदारी कमी होते असे म्हटले आणि अशा मृतांच्या तारणाविषयी निराश होऊ नये असे सांगितले.

सक्करदऱ्यात राहणाऱ्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपले ‘मेडिकल’, जवळच आहे. तेथे मनोविकार विभागाची बाह्यरुग्ण सेवा मिळते. घराबाहेर पडणेच जमत नसेल तर शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. रात्रीबेरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीतून बोलता येते. ज्यांना एकट्याने जाण्याचे धाडस होत नाही त्यांनी आम्हांस सांगावे. बाहेरच्या बाकावर बसावयास आम्ही येऊ.