राखीव दलांचे बिल्ले, ब्रिटिश (१९०८–१९१८)

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनच्या अर्धवेळ व राखीव दलांतील सैनिक टोपीवर, खांद्यावर, छातीवर किंवा कोटाच्या कॉलरवर लावत ते बिल्ले, आणि त्यांचा संग्रह. कायम फौजेच्या बिल्ल्यांपेक्षा हे क्षेत्र लहान आहे, पण अधिक बोलके आहे. सैनिकाचा सरकारशी काय करार होता, त्याला कुठवर धाडता येत होते, हे पुष्कळदा बिल्ल्यावरूनच कळते. संग्रह करणाऱ्याने आधी हे वाचायला शिकावे. दुर्मिळतेचा आणि किमतीचा विचार नंतरचा.

युद्धमंत्री रिचर्ड हॉल्डेन यांनी १९०७ मध्ये कायदा करून जुनी व्यवस्था बदलली. १९०८ मध्ये स्वयंसेवक पलटणी आणि येमनरी घोडदळ मिळून टेरिटोरियल फोर्स उभी राहिली. मिलिशियाची जागा स्पेशल रिझर्व्हने घेतली. स्पेशल रिझर्व्हचे बिल्ले, काही घोडदळ तुकड्या सोडल्या तर, बहुधा कायम पलटणींचेच असत. टेरिटोरियलांचे तसे नव्हते. त्यांची नेमणूक मायदेशाच्या रक्षणापुरती होती आणि संमतीशिवाय त्यांना समुद्रापार नेता येत नसे.

हा फरक धातूत उतरला आहे. कायम तोफखान्याच्या बिल्ल्यावर वरच्या पट्टीत ‘युबिक’, म्हणजे ‘सर्वत्र’, हे ब्रीद असते. टेरिटोरियल तोफखान्याच्या बिल्ल्यावर त्या जागी लॉरेलची डहाळी आहे. पायदळातही काही टेरिटोरियल पलटणींनी मूळ रेजिमेंटचाच बिल्ला घेतला, पण तिने जिंकलेल्या लढायांची नावे त्यावर नाहीत. स्फिंक्सखाली ‘इजिप्त’ लिहिलेले असायचे तिथे कोरी पट्टी दिसते. बोअर युद्धात स्वयंसेवक पाठवलेल्या पलटणींना मात्र दक्षिण आफ्रिकेचा मान मिळाला होता आणि तो त्यांनी बिल्ल्यावर मिरवला. नवखा माणूस कोरी पट्टी पाहून बिल्ला झिजलेला किंवा बनावट समजतो. खरे तर ती पट्टी हीच त्याची ओळख असते. खांद्यावरच्या पितळी अक्षरांत सर्वांत वर ‘टी’, त्याखाली पलटणीचा क्रमांक आणि शेवटी रेजिमेंटचे नाव असे.

परदेशी जाण्याची तयारी आधीच लिहून देणाऱ्या टेरिटोरियल सैनिकाला उजव्या छातीवर लावायला ‘इंपीरियल सर्व्हिस’ अशी अक्षरे असलेली, वर मुकुट बसवलेली पांढऱ्या धातूची छोटी पट्टी मिळे. १९१४ च्या ऑगस्टपर्यंत अशी तयारी फार थोड्यांनी दाखवली होती. पहिले महायुद्ध पेटल्यावर पलटणीच्या पलटणी पुढे आल्या. त्यामुळे ही पट्टी आज सहज मिळते, पण युद्धापूर्वीच्या छायाचित्रात ती दिसली तर ते छायाचित्र जपून ठेवावे.

माजी सैनिकांच्या नॅशनल रिझर्व्हला गणवेशच नव्हता. तिचे कॉलरवर लावायचे मीनाकामाचे बिल्ले परगण्यागणिक वेगळे आहेत. १९१४ पासूनच्या व्हॉलंटियर ट्रेनिंग कोअरचा पसारा तर आणखी मोठा: गावोगावच्या तुकड्यांनी आपापले बिल्ले पाडून घेतले आणि दंडावर ‘जी.आर.’ अक्षरांची लाल पट्टी बांधली. १९१६ च्या ट्रेनिंग रिझर्व्हमध्ये कोवळ्या पोरांच्या टोपीवर रेजिमेंटचे चिन्ह नसे. लाल कापडी चकतीवर नुसते पितळी बटण असे. या साऱ्या संग्रहात मला सर्वांत हलवून टाकते ती ही चकती.

बनावट माल पुष्कळ आहे. अस्सल बिल्ला ठशाखाली दाबून काढलेला असल्याने पुढचा उठाव मागे खोलगट उमटतो. साच्यात ओतलेल्या नकलेची पाठ दाणेदार असते आणि कडा बोथट लागतात. जुन्याच ठशांवरून नंतर पाडलेले बिल्ले ओळखणे जास्त अवघड: तिथे धातूची जाडी, मागच्या कडीचे डाखकाम आणि झीज यांवर भिस्त ठेवावी लागते. शिपाई बिल्ला रोज घासत असे, म्हणून उंच भाग गुळगुळीत आणि खाचा शाबूत अशी झीज चांगली समजावी. आज मात्र पॉलिश लावू नये. दोन धातूंचे बिल्ले १९१६ मध्ये काटकसरीसाठी निव्वळ पितळेत काढले गेले. ते नकली नव्हेत, उलट त्यांचा काळ नेमका ठरवता येतो.

या बिल्ल्यांचा मुंबईशी थेट संबंध आहे. १९१४ च्या अखेरीस वेसेक्स आणि होम काउंटीज या डिव्हिजनांच्या टेरिटोरियल पलटणी मुंबई बंदरात उतरल्या. हिंदुस्थानातली कायम गोरी फौज युरोपकडे निघाली होती, तिची जागा त्यांनी घेतली. हॅम्पशायर रेजिमेंटची १/४ क्रमांकाची पलटण पुढल्याच वर्षी हिंदुस्थानातून मेसोपोटेमियात गेली. हिंदुस्थानातले बाँबे व्हॉलंटियर रायफल्स आणि जी.आय.पी. रेल्वे व्हॉलंटियर्स यांचे बिल्ले वेगळ्या गटात धरतात. ही दले युरोपियन आणि अँग्लो-इंडियन रहिवाशांची होती; १९१७ मध्ये ती इंडियन डिफेन्स फोर्समध्ये आणि १९२० मध्ये ऑक्झिलियरी फोर्समध्ये गेली. एकाच तुकडीचे तीन नावांचे बिल्ले मिळतात ते यामुळेच, आणि तिन्ही शेजारी ठेवल्याशिवाय त्या तुकडीची नोंद पुरी होत नाही.